धुगधुगी आणि शुश्रूषा

रुग्णालयातल्या ज्या दाराबाहेर नातेवाईक चपला काढून ताटकळत बसतात, त्या दारावर मराठीत ‘अतिदक्षता विभाग’ अशी पाटी असते. ‘इंटेन्सिव्ह केअर युनिट’ (आयसीयू) या इंग्रजी नावात भर आहे तो काळजीच्या तीव्रतेवर. हिंदीने ‘गहन चिकित्सा’ म्हणून तो उपचारावर नेला. मराठीने दक्षता निवडली, आणि ही निवड मला फार मोलाची वाटते. त्या दारापलीकडे दिवसरात्र जे चालतं, त्यातला मोठा वाटा नजर ठेवण्याचा असतो. सलाईन, इंजेक्शन, नळ्या हे सगळं त्या नजरेच्या मागून येतं.

संस्कृतात ‘दक्ष्’ म्हणजे समर्थ असणे. त्यावरून दक्ष म्हणजे कामात तरबेज, हाताचा कुशल. कुशल हात बहुतेकांचा उजवा, म्हणून दक्षिण म्हणजे उजवा. आणि उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दिशाही दक्षिण. लॅटिनमध्ये उजव्याला ‘डेक्स्टर’ म्हणतात, तो याच घराण्यातला. मराठीत येईपर्यंत कौशल्याचा अर्थ मागे पडला आणि जागेपणाचा पुढे आला. दक्ष नागरिक म्हणजे डोळे उघडे ठेवणारा नागरिक. आयसीयूमध्ये मात्र दोन्ही अर्थ एकाच माणसात असावे लागतात: सुकलेल्या हातातली शीर अचूक शोधणारी बोटं, आणि पहाटे साडेतीनलाही न ढळणारी नजर.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकासाठी तिथे ‘उपस्थाता’ असाही शब्द येतो. उप म्हणजे जवळ, स्था म्हणजे उभं राहणं. शाळेच्या हजेरीपत्रकात आणि लग्नपत्रिकेत अडकून पडलेली ‘उपस्थिती’ मूळची अशी कोणाच्या तरी उशाशी उभी होती. या चौघांचे प्रत्येकी चार गुण चरकाने दिले आहेत. परिचारकाचे चार असे: उपचारांची जाण, दाक्ष्य, ज्याची सेवा करायची त्याच्यावर माया, आणि शौच म्हणजे स्वच्छता. वैद्याच्या चार गुणांची यादी वेगळी आहे, तिच्यात शास्त्राचं ज्ञान आणि भरपूर अनुभव येतो. पण दाक्ष्य आणि शौच हे दोन गुण दोन्ही याद्यांत आहेत. आजही आयसीयूच्या दाराशी हात निर्जंतुक करायची बाटली टांगलेली असते आणि वर दक्षतेची पाटी. डॉक्टर असो वा सिस्टर, आत जाताना दोघांनाही त्या दोन्हींच्या जवळूनच जावं लागतं.

अत्यवस्थ रुग्णांना एका ठिकाणी ठेवून अखंड पाहारा द्यायचा, ही व्यवस्था आजच्या रूपात आली ती डेन्मार्कमध्ये. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रुग्ण गुदमरून मरत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देववून नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग पुढचे कित्येक महिने वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. असे सुमारे दीड हजार विद्यार्थी होते. त्यांच्यासमोर पडदा नव्हता, आकडे नव्हते. चेहऱ्याचा रंग, कपाळावरचा घाम, हाताखालची नाडी एवढंच होतं. १९५३ च्या अखेरीस इब्सेनने त्याच शहरात कायमचा असा विभाग उघडला. चरकाचा उपस्थाता त्या विद्यार्थ्यांनी खरा केला, असं मला वाटतं.

आता त्या आकड्यांकडे वळू. आयसीयूत त्यांना सरसकट ‘व्हायटल्स’ म्हणतात. “व्हायटल्स घेतल्या का?”, “व्हायटल्स बऱ्या आहेत” असं सिस्टर मराठी वाक्यात सहज बोलून जातात. याचं मराठी करताना ‘महत्त्वाची चिन्हे’ असा अनुवाद अनेक माहितीपत्रकांत दिसतो. तो चूक आहे. इथला ‘व्हायटल’ महत्त्वाचा या अर्थाचा नाही. तो लॅटिन ‘व्हिटा’वरून, म्हणजे जीवनावरून आला आहे. ज्या आदिम धातूपासून ‘व्हिटा’ झाला, त्याच धातूपासून संस्कृतचा ‘जीव’ झाला. म्हणजे व्हायटल आणि जीव हे एकाच आजीचे नातू. जीवाच्या खुणा असा त्याचा साधा अर्थ.

आणि जीवाच्या खुणेसाठी मराठीत एक असा शब्द आहे, की त्याच्यापुढे मला कुठलाही पारिभाषिक शब्द फिका वाटतो. तो म्हणजे धुगधुगी. “अजून धुगधुगी आहे” म्हणजे हालचाल नाही, बोलणं नाही, पण हात लावला तर आत काहीतरी चालू असल्याचं कळतं. हा शब्द ध्वनीवरून घडला. त्याचे दोन ‘धुग’ हे दोन ठोकेच आहेत. त्याचा जुळा भाऊ म्हणजे धुकधुक. ती मनात असते, काळजीने असते. एका ‘ग’ आणि ‘क’चा फरक, आणि तेवढ्या फरकाने शब्द काचेच्या दाराच्या आतून बाहेर येतो: आत रुग्णाची धुगधुगी, बाहेर बाकावर बसलेल्यांची धुकधुक. एकाच काळजाच्या आवाजावरून भाषेने दोघांसाठी दोन शब्द करून ठेवले.

या ‘काळजा’विषयी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. संस्कृतात कालेय म्हणजे यकृत, आणि काळीज हा शब्द तिथून आला. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर आजही यकृतच मिळतं. ठोका चुकतो तो मात्र हृदयाचा, आणि आपण म्हणतो काळजाचा.

जीवाच्या सहा खुणा सगळीकडे पाहिल्या जातात: नाडी, ताप, श्वास, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू आणि शुद्ध. ब्रिटनमध्ये रुग्ण खालावतोय हे लवकर ओळखण्यासाठी २०१२ पासून जी गुणपद्धत वापरतात, तिच्यातही याच सहा खुणांना गुण देतात.

नाडी हा त्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात फांद्या फुटलेला शब्द. मूळ अर्थ पोकळ दांडा, नळी. बोरूच्या जातीचं पोकळ गवत म्हणजे नड किंवा नल. त्याच कुळात नाल, नळ, नळी आणि बाळाची नाळ. रक्त वाहणारी नळी म्हणून नाडी. पण जुन्या ज्योतिषग्रंथांत नाडी हे काळाचंही माप आहे: एक नाडी म्हणजे एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, आणि दिवसरात्र मिळून साठ नाड्या. घटका मोजायची ती पाण्यावर तरंगणाऱ्या, बुडाला बारीक छिद्र असलेल्या वाटीने. वाटी भरून बुडाली की घटका भरली. आपल्या मराठीत माणसाची घटका भरते आणि आजारी माणूस अखेरच्या घटका मोजतो, ते या वाटीमुळे. शरीरातलं वाहणं आणि काळाचं वाहणं या दोन्हींना एकच नाव होतं. प्रहराचंही तसंच. प्रहर म्हणजे मुळात टोला, तासावर मारलेला आघात. त्यावरून तीन तासांचा काळ, आणि त्या काळातली राखण म्हणजे पाहारा. ठोका हा शब्द आजही घड्याळाचा आणि हृदयाचा, दोन्हींचा आहे.

एवढं असूनही नाडी मोजायची कल्पना आपल्याकडच्या वैद्यकात नव्हती. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत नाडीपरीक्षाच सापडत नाही. ती ठळकपणे येते साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेत, आणि तिथे नाडीचा वेग सांगताना आकडा नाही, चाल आहे. वात वाढला तर नाडी जळूसारखी, सापासारखी चालते. पित्त वाढलं तर चिमणी, कावळा, बेडूक यांच्यासारखी उड्या घेत. कफाची नाडी हंसाची, पारव्याची, संथ. तिन्ही दोष एकदम बिघडले तर लावा-तित्तरांसारखी. मनगटावर तीन बोटं ठेवून मान खाली घातलेला वैद्य या सगळ्या प्राण्यांना बोटाखाली ओळखत होता. ही वर्णनं वाचताना मला ती कविकल्पना वाटत नाहीत. जिवंत वस्तूची लय शब्दांत पकडायची तर दुसऱ्या जिवंत वस्तूच्या चालीखेरीज माणसाजवळ होतं काय? हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय पूर्ण विस्कटते, तेव्हा नाडी कशी लागते हे आजचे डॉक्टरही ‘अनियमितपणे अनियमित’ अशी दोनदा तोच शब्द वापरून सांगतात. शार्ङ्गधराकडे त्याहून जास्त शब्द होते.

आकडा आणला तो जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने. १७०७ मध्ये त्याने नाडीच्या घड्याळावर पुस्तक लिहिलं. नेमकं एक मिनिट चालणारं घड्याळ त्याने बनवून घेतलं होतं. मग गेल्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइंथोव्हेनने हृदयाची विद्युत-लाट कागदावर उमटवली आणि तिच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं दिली. १९२४ चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. आता मॉनिटरवर, बहुतेक ठिकाणी हिरव्या रंगात, तीच लाट डावीकडून उजवीकडे सरकते आणि शेजारी ठोक्यांचा आकडा असतो. चाल आणि मोजणी दोन्ही एका पडद्यावर आली. मला विचाराल तर अनुभवी सिस्टर आधी लाट पाहते, मग आकडा. लाट वेडीवाकडी असेल तर आकड्यावर ती विश्वास ठेवत नाही; आधी छातीवरची चकती सुटली का ते बघते आणि मनगटावर बोटं ठेवते.

तापाची गोष्ट थोडी निराळी. ताप म्हणजे उष्णता. संताप, पश्चात्ताप, तपश्चर्या, तापी नदी, डोक्याला ताप हे सगळं ‘तप्’ या एका धातूतून आलं. ज्वर हा संस्कृत शब्द मराठीत विषमज्वरापुरता उरला. गोव्यात कोकणीत मात्र तापाला ‘जोर’ म्हणतात, तो सरळ ज्वराचाच. मराठीचं खरं वैभव तापाच्या पायऱ्यांत आहे. कसर आहे, कणकण आहे, अंग मोडून आलंय, हुडहुडी भरली, तापाने फणफणलाय. यातल्या कणकणीला थर्मामीटर बहुतेक वेळा दुजोरा देत नाही, तरी ती असते. आणि तापाची नावं पाहा: मुदतीचा ताप, पाळीचा ताप, हिवताप. काही दिवसांची मुदत घेऊन चालणारा, ठरल्या पाळीने येणारा, हीव भरवून येणारा. जर्मनीत लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिखने सुमारे पंचवीस हजार रुग्णांचा ताप पुन्हा पुन्हा मोजून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि ३७ अंश सेल्सिअस हा निरोगी आकडा जगाला दिला. त्याने ठसवलं ते हेच, की एका वेळच्या आकड्यापेक्षा तापाची चढउताराची रेघ रोग ओळखायला जास्त कामाची. आमच्या आज्या-पणज्यांनी ती रेघ नावातच ओढून ठेवली होती. ‘उतार पडणे’ हा शब्दप्रयोगही त्या रेघेचाच. ताप उतरतो तसा आजाराला उतार पडतो.

श्वासाशी मला जास्त थांबायचं आहे. आयसीयूतल्या सगळ्या खुणांत हीच सर्वाधिक दुर्लक्षित. वॉर्डातल्या तक्त्यांवर श्वासाच्या रकान्यात एकाखाली एक १८, २०, १८, २० असे आकडे पाहिले, की ते मोजून लिहिले की अंदाजाने, असा प्रश्न कोणत्याही जाणत्या डॉक्टरला पडतो. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. रुग्ण खालावायला लागला की बऱ्याचदा रक्तदाब पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. मॉनिटर हा आकडा छातीवरच्या चकत्यांमधून सोडलेल्या सूक्ष्म विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून काढतो. रुग्ण कुशीवर वळला तरी तो फसतो. खरी मोजणी डोळ्यांनी करायची असते, आणि तीही रुग्णाच्या नकळत, कारण आपला श्वास मोजला जातोय हे कळताच माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवतात, की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका. हात तसाच धरून ठेवा आणि नजर छातीवर न्या.

‘श्वस्’ या धातूपासून श्वास, निःश्वास, उच्छ्वास झाले हे उघड आहे. पण आश्वासनही त्याच धातूचं. आ-श्वस् म्हणजे पुन्हा मोकळा श्वास घेणं, जिवात जीव येणं. दुसऱ्याला तसा श्वास घेता येईल असं करणं म्हणजे आश्वासन. निवडणुकीच्या सभांनी या शब्दाची फार हानी केली. विश्वासही तिथलाच: वि-श्वस्, निर्धास्त श्वास घेणं. ज्याच्याजवळ छाती मोकळी होते त्याच्यावर विश्वास असतो. व्हेंटिलेटरवरून उतरवलेल्या रुग्णाला “घ्या, स्वतः श्वास घ्या, मी इथेच आहे” असं सिस्टर सांगते, तेव्हा श्वास, आश्वासन आणि विश्वास हे तिन्ही शब्द आपल्या मूळ जागी येतात.

दम मात्र फारसीतून आला. फारसी दम म्हणजे श्वास. दम लागतो, दम खायचा, दम धरायचा, दम द्यायचा, दमदार आवाज, आणि आजार झाला की दमा. धीर धरण्याला आपण दम धरणं म्हणतो, म्हणजे श्वास धरणं. दमणे हे क्रियापद दिसायला सख्खं, पण ते संस्कृत ‘दम्’वरून, दमनातलं. एकमेकांना परक्या असलेल्या या दोन शब्दांनी मराठीत शेजारी घर केलं आणि अर्थांची इतकी देवाणघेवाण केली, की आता भिंत कुठली ते सांगता येत नाही. धाप, घरघर, आचके हे आपले देशी ध्वनिशब्द. चरकाने श्वासविकारांचे पाच प्रकार सांगितले: महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. त्यातला ऊर्ध्व आपल्या बोलण्यात ‘ऊर्ध्व लागला’ म्हणून शेवटच्या श्वासासाठी टिकून आहे. छिन्न म्हणजे मध्येच तुटणारा, थांबून पुन्हा सुरू होणारा. असा थांबत-वाढत जाणारा श्वास युरोपात एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधल्या चेन आणि स्टोक्स यांनी नोंदवला आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

रक्तदाब हा शब्द इंग्रजीवरून बेतलेला, आणि तो छापील मजकुरातच राहिला. बोलण्यात बीपी. “त्यांना बीपी आहे” म्हणजे बीपी जास्त आहे. जिवंत प्रत्येकालाच रक्तदाब असतो हे मराठी बोलण्याने बाजूला ठेवलं. आयसीयूत या वाक्याचा अर्थ पूर्ण उलटतो. तिथे “बीपी आहे ना?” हा प्रश्न आशेचा असतो, आणि “बीपी लागत नाहीये” हे वाक्य कोणाला ऐकावं लागू नये. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढतं ते पाहिलं. ते आठ फूट तीन इंच चढलं, अशी नोंद त्याने १७३३ मध्ये छापली. १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोचीने दंडाला बांधायचा पट्टा आणला, १९०५ मध्ये रशियात कोरोत्कोव्हने पट्टा सैल करताना धमनीत उमटणारे आवाज ऐकले. रक्ताऐवजी जड पारा वापरल्यामुळे खांब लहान झाला. आता रुग्णालयांतून पारा जवळजवळ हद्दपार झाला आहे, तरी माप अजून ‘पाऱ्याचे मिलिमीटर’ हेच आहे, आणि रागावलेल्या माणसाचाही पारा चढतो.

ऑक्सिजन हे नाव लाव्हाझिएने दिलं, ‘आम्ल जन्माला घालणारा’ अशा अर्थाने. प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरली, नाव राहिलं. मराठीने प्राणवायू हा शब्द घेतला. शरीरातल्या पाच वायूंपैकी एक असलेल्या जुन्या प्राणवायूला नवं काम मिळालं. प्राणातला ‘अन्’ म्हणजे श्वास घेणं. लॅटिनमधला जीव या अर्थाचा ‘ॲनिमा’ त्याचाच सगा. या बाबतीत मराठी शब्द मूळ युरोपीय शब्दापेक्षा खरा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

२०२० आणि २०२१ मध्ये घराघरांत बोटाला चिमटा लावून “चौऱ्याण्णव आलं” असं कुजबुजल्या आवाजात सांगितलं गेलं. तो चिमटा ज्याच्या कल्पनेतून आला, तो जपानी अभियंता ताकुओ आओयागी १९७० च्या दशकाच्या आरंभी वेगळंच काही मोजत होता: हृदय किती रक्त ढकलतं ते, कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून. त्याच्या नोंदीत नाडीच्या ठोक्यांची लहर सारखी मध्ये येई आणि मोजमाप बिघडवी. ती अडचण दूर करता करता त्याच्या लक्षात आलं, की ही लहर म्हणजे धमनीतलंच रक्त. दोन रंगांच्या प्रकाशात तिचा फरक पाहिला तर त्यातला प्राणवायू मोजता येईल. नको असलेला ठोकाच साधन झाला. म्हणून या यंत्राच्या इंग्रजी नावात नाडी आहे. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, त्यांचं यंत्र साऱ्या जगाच्या बोटाला लागलेलं असताना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं, की हे यंत्र काळ्या त्वचेच्या रुग्णांत प्राणवायूची कमतरता गोऱ्यांच्या मानाने जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतं. आपल्या देशात ही गोष्ट प्रत्येक आयसीयूत लक्षात राहायला हवी.

या मापाला शास्त्रीय मराठीत संपृक्तता म्हणतात. शाळेतलं मिठाचं संपृक्त द्रावण आठवत असेल. संपृक्त म्हणजे पूर्ण मिसळलेलं, जोडलेलं. कालिदासाने रघुवंशाच्या अगदी आरंभी शब्द आणि अर्थ यांच्या जोडीला हेच विशेषण दिलं आहे. तांबड्या पेशी आणि प्राणवायू यांच्यासाठी कोणा अनुवादकाने ते उचललं, हे मला सुंदर वाटतं.

शुद्ध हरपते आणि शुद्ध येते. हे शुद्ध म्हणजे शुद्धी. हिंदीतली सुध तिची बहीण. तिला फारसी ‘बे’ लावून आपण ‘बेशुद्ध’ हा शब्द केला. आयसीयूत शुद्धीलाही आकडा आहे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये दिलेल्या पद्धतीत डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण. पण तो आकडा यंत्र काढत नाही. कोणीतरी वाकून “आजी, डोळे उघडा. माझा हात दाबा” म्हणावं लागतं. नुसत्या हाकेनेच डोळे उघडले की दुखावून पाहण्याची वेळ येत नाही आणि गुण वर जातात. म्हातारी माणसं आयसीयूत रात्री बरळू लागतात, त्याला पूर्वी ‘वात झाला’ म्हणत. डॉक्टरांचा ‘डिलिरियम’ हा शब्द नांगरटीतून आलेला आहे: लॅटिनमध्ये लिरा म्हणजे तास, आणि नांगर तास सोडून भरकटला की तो शब्द. अशा वेळी चष्मा, कानाचं यंत्र आणि घरच्यांचा ओळखीचा आवाज यांनी माणूस तासावर यायला मदत होते. भेटीची वेळ काटेकोर ठेवणाऱ्या विभागांनी याचा विचार करावा.

हे सगळं दाखवणारा पडदा म्हणजे मॉनिटर. लॅटिन ‘मोनेरे’ म्हणजे बजावणे, आठवण करून देणे. शब्दशः, मनात आणून देणे. ज्या मुळापासून तो झाला त्याच मुळापासून आपलं मन, मती आणि मंत्र. मॉनिटर बजावतो, मनावर घ्यायचं काम त्याचं नाही. आणि तो फार बजावतो. अलार्म हा शब्द इटालियन रणहाकेतून आला, ‘शस्त्रं घ्या’. वेगवेगळ्या पाहण्यांत आयसीयूतल्या अलार्मांपैकी ७२ ते ९९ टक्के खोटे किंवा दखल घेण्यासारखे नसलेले आढळले आहेत. रणहाक दिवसभर होत राहिली तर शिपाई कानाआड करणारच. हा दोष सिस्टरांचा नाही. एकेका सिस्टरकडे जास्त खाटा आणि प्रत्येक रुग्णासाठी कारखान्यातून आल्या तशाच ठेवलेल्या अलार्मच्या मर्यादा, हे त्याचं कारण.

इथे मला दोन शब्दांपाशी यायचं होतं. शुश्रूषा हा त्यातला पहिला. आपण तो अनेकदा ‘सुश्रुषा’ असा चुकीचा लिहितो आणि त्यामुळे त्यातला ‘श्रु’ दिसेनासा होतो. संस्कृतात धातूचं पहिलं अक्षर दोनदा घेऊन इच्छा सांगतात: पा म्हणजे पिणे, पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, ज्ञा वरून जिज्ञासा. तशी श्रु वरून शुश्रूषा, ऐकण्याची इच्छा. ऐकायला उत्सुक असलेला माणूस सेवा करतो, म्हणून शुश्रूषेचा अर्थ सेवा झाला. आणि दुसरा शब्द चिकित्सा. तोही याच साच्यातला: चित् म्हणजे जाणणे, लक्षात घेणे; चिकित्सा म्हणजे नीट लक्ष घालण्याची इच्छा. मराठीने हा मूळ अर्थ चिकित्सक वृत्तीत जपला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी ‘क्रिटिकल’ आवृत्ती केली, तिला आपण चिकित्सित आवृत्ती म्हणतो. तोच ‘क्रिटिकल’ इंग्रजीत आयसीयूच्या रुग्णाला लावतात. ग्रीकमध्ये त्याचं मूळ चाळणे, निवाडा करणे असं आहे. पोथीचे पाठभेद असोत की खाटेवरचा माणूस, दोन्हींकडे करायचं काम एकाच शब्दाने सांगितलं आहे.

आणि ऐकायचं ते नुसतं यंत्राचं नाही, बाहेर बसलेल्यांचंही. तिथे एका शब्दाने रोज घोटाळा होतो. डॉक्टर म्हणतात ‘स्टेबल’, वर्तमानपत्र लिहितं ‘प्रकृती स्थिर’. या दोन्ही शब्दांत एकच ‘स्था’ आहे, जो उपस्थात्यात होता. डॉक्टरांच्या मनात अर्थ एवढाच, की गेल्या काही तासांत बदल नाही. रुग्ण अत्यंत गंभीर अवस्थेतही स्थिर असू शकतो. बाकावरची मुलगी ऐकते, “बाबा सुधारतायत.” दुसऱ्या दिवशी तिला धक्का बसतो आणि विश्वास जातो. ‘नाजूक’, ‘चिंताजनक’, ‘अत्यवस्थ’ या शब्दांनीही तिला फार काही कळत नाही. तिच्याशी साध्या मराठीत बोलता येतं: “बीपी स्वतःहून टिकत नाहीये, दोन औषधांवर धरून ठेवलंय. कालपेक्षा एका औषधाचं प्रमाण कमी करता आलं. श्वास मशीनवर आहे. हाक मारली की डोळे उघडतात, पण हात दाबत नाहीत. संध्याकाळी पाच वाजता मी पुन्हा येऊन सांगतो.” यात एकही अवघड शब्द नाही, आणि यातलं प्रत्येक वाक्य तिला घरी फोन करून जसंच्या तसं सांगता येईल.